सोर्स कोड हरवलाय? डिकम्पायलर हातात घेताना

शनिवार, २० सप्टेंबर २०२५. वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथल्या काकांचा फोन आला. "ताई, सोमवारपासून खोक्यांवरचा जीएसटी बारावरून पाचवर येतोय. आमचा बिलाचा प्रोग्राम बारावरच अडकलाय. ज्या पोराने लिहिला तो गेला जर्मनीला. म्हणतो, सोर्स ज्या लॅपटॉपवर होता तो केव्हाच भंगारात गेला." जुलै २०२४ मध्ये दर अठरावरून बारावर आला तेव्हा त्याच पोराने तासाभरात बदलून दिला होता. या वेळी हातात होती फक्त एक जार फाइल, म्हणजे कंपाइल झालेल्या जावा प्रोग्रामचे गाठोडे, आणि मध्ये एक रविवार. सोमवारी घटस्थापना.

मी महाप्याला नोकरी करते. ऑफिसात नव्याने लागलेली मुले डिकम्पायलरबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना ही जार फाइलच समोर ठेवते. कंपाइल झालेल्या प्रोग्रामवरून पुन्हा माणसाला वाचता येईल असा कोड काढून देणारे साधन म्हणजे डिकम्पायलर, हे सगळ्यांना माहीत असते. चूक पुढे होते. बटण दाबले की हरवलेला सोर्स जसाच्या तसा परत मिळतो, असे बहुतेकांना वाटते.

काय परत येते, काय नाही

खोके उलगडून सपाट केले की घड्यांच्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून ते परत तसेच दुमडता येते. पण हे माप कोणासाठी घेतले, आत काय भरायचे होते, हे पुठ्ठ्यावर कुठे लिहिलेले नसते. इथेही तसेच. कॉमेंट कंपाइल होतानाच टाकून दिल्या जातात, त्या कोणीही परत आणू शकत नाही. बाकी काय उरते हे भाषेवर अवलंबून आहे.

जावा आणि डॉटनेटमध्ये बरेच उरते. क्लासची, मेथडची, फील्डची नावे फाइलमध्ये तशीच असतात, कारण प्रोग्राम चालताना त्यांची गरज पडते. मेथडच्या आतल्या व्हेरिएबलची नावे मात्र साध्या जावासी कंपाइलरने बनवलेल्या फाइलमध्ये नसतात. मेव्हन या बिल्डच्या साधनाने बनवली असेल तर बहुधा टिकलेली सापडतात. सी किंवा सी-प्लसप्लसचा प्रोग्राम असेल आणि त्यातली चिन्हे, म्हणजे फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावे, काढून टाकलेली असतील, तर उरते ते प्रोसेसरला दिलेले हुकूम आणि पत्ते. तिथे डिकम्पायलर अंदाज बांधतो. चांगला बांधतो, पण अंदाजच.

ही विद्या नवीन नाही. १९६० साली अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत डी-नेलिअ‍ॅक नावाचा डिकम्पायलर बनला होता. एका संगणकावरचे प्रोग्राम दुसऱ्यावर न्यायचे, पण मूळ कोड हाताशी नाही, अशीच अडचण त्याच्यामागे होती. म्हणजे काकांचीच.

पहिली पायरी: फाइल कसली आहे ते ओळखा

फाइलच्या नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवू नका. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा आणि पहिले दोन-चार बाइट बघा. 'पीके' दिसले तर ती झिप आहे. जार आणि अँड्रॉइडची एपीके या दोन्ही मुळात झिपच असतात. ही दोन अक्षरे झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे. 'एमझेड' दिसले तर विंडोजची एक्सई किंवा डीएलएल. दुसऱ्या बाइटपासून 'ईएलएफ' वाचता आले तर लिनक्सची. आणि हेक्समध्ये चक्क 'कॅफेबेब' दिसले तर जावाची क्लास फाइल. एक खोच आहे: मॅकच्या काही फाइलींची सुरुवातही याच चार बाइटने होते, त्यामुळे मॅकवर काम करत असाल तर थोडे पुढेही बघा.

क्लास फाइलमध्ये पुढे आवृत्तीचा आकडा असतो. त्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे जावा १७. काकांच्या फाइलीत ५२ होता. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागतो.

'एमझेड'वाली फाइल असेल तर ती डॉटनेटची आहे की थेट प्रोसेसरची, हे ठरवायला सोपा उपाय म्हणजे आयएलस्पाय या डॉटनेटच्या डिकम्पायलरमध्ये टाकून बघणे. डॉटनेटची असेल तर सरळ सी-शार्प कोड समोर येतो आणि तुमचे निम्मे काम झालेले असते. आयएलस्पाय फुकट आहे. जेटब्रेन्सचे डॉटपीकही फुकट आहे. डीएनस्पाय या तशाच साधनाचे मूळ काम २०२० मध्ये थांबले. आता डीएनस्पाय-ईएक्स ही त्याची शाखा चालू आहे, ती घ्या.

दुसरी पायरी: आधी स्वतःचाच प्रोग्राम उलगडा

ही पायरी सगळे गाळतात. गाळू नका. वीस ओळींचा जावा प्रोग्राम लिहा: खोक्यांची संख्या, दर, कर, बेरीज. कंपाइल करा. मग जेडीकेसोबत, म्हणजे जावा प्रोग्राम बनवायच्या साधनांच्या संचासोबत, मिळणारे जावापी हे साधन त्याच्यावर चालवा, 'सी' आणि 'पी' हे दोन पर्याय देऊन. 'सी'ने बाइटकोड, म्हणजे जावाच्या यंत्राला दिलेले हुकूम, दिसतो, 'पी'ने खासगी मेथडही दिसतात.

समोर जे येते ते घाबरवणारे नाही. जावाचे यंत्र ताटांच्या चवडीसारखे चालते: वर ठेवा, वरून घ्या. 'बायपुश १२' म्हणजे बारा चवडीवर ठेव. 'आयडिव्ह' म्हणजे वरचे दोन पूर्णांक घे, भाग दे, उत्तर परत वर ठेव. 'डीडिव्ह' म्हणजे तेच, पण दशांशांचा भागाकार. 'आयडिव्ह' आणि 'डीडिव्ह' यांच्यातल्या पहिल्या अक्षराकडे नीट लक्ष द्या. माझा रविवार त्या अक्षराने खाल्ला.

आता त्याच क्लास फाइलवर डिकम्पायलर चालवा आणि निघालेला कोड तुमच्या मूळ कोडशेजारी ठेवा. दोन्हींतला फरक बघताना जे शिकाल ते कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

तिसरी पायरी: डिकम्पायलर निवडा, एक नाही, दोन

जावासाठी मी सीएफआर आणि व्हाइनफ्लॉवर वापरते. दोन्ही एकेक जार फाइलच आहेत, इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. इंटेलिजे आयडियात क्लास फाइल उघडली की जो कोड दिसतो तो फर्नफ्लॉवरचा. व्हाइनफ्लॉवर ही त्याचीच सुधारलेली शाखा. एपीके असेल तर जॅडएक्स घ्या. फक्त तिथे बहुतेक वेळा आरएट या अँड्रॉइडच्या बिल्ड साधनाने नावे चेपून ए, बी, सी करून ठेवलेली असतात, तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा. पायथनच्या पीवायसी फाइली त्या त्या आवृत्तीला बांधलेल्या असतात आणि डिकम्पायलर नव्या आवृत्त्यांच्या मागे राहतात.

दोन कशाला? कारण दोघे वेगवेगळ्या जागी अडखळतात. एखादी मेथड एकाला जमली नाही की तो तिथे चक्क 'जमले नाही' अशी टीप सोडतो, आणि दुसऱ्याकडे तीच मेथड व्यवस्थित निघते. दोघांचे म्हणणे वेगळे पडले तर निवाडा जावापी करतो. बाइटकोड हा मूळ दस्तऐवज, बाकीचे त्याचे भाषांतर.

मराठी माणसांसाठी एक खास सूचना. सीएफआर देवनागरी मजकूर सरळ दाखवत नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी संकेत असे दाखवते. 'हिशोब' या शब्दाची सुरुवात यू०९३९ अशी दिसेल. देवनागरीचे सगळे संकेत ०९ ने सुरू होतात, त्यामुळे कुठल्या ओळीत मराठी आहे हे चटकन कळते. 'हाइड-यूटीएफ' हा पर्याय बंद केला की अक्षरे अक्षरांसारखी दिसतात.

चौथी पायरी: दुसऱ्याची फाइल उघडण्याआधी परवानगी

मी वकील नाही, पण एवढे प्रत्येकाने वाचलेले असावे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये संगणक प्रोग्रामसाठी काही सवलती आहेत. कायदेशीरपणे तुमच्याकडे असलेला प्रोग्राम ज्या कामासाठी दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्याची प्रत किंवा रूपांतर करणे, स्वतंत्रपणे बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामशी जोडण्यासाठी आवश्यक आणि सहज न मिळणारी माहिती काढणे, त्यामागच्या कल्पना समजून घेण्यासाठी तो तपासणे, असे ते आहे. लायसन्सची चावी तोडणे किंवा दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून आपल्या नावाने विकणे यात बसत नाही.

पैसे देऊन प्रोग्राम लिहून घेतला म्हणजे त्याचा कॉपीराइट आपोआप आपला होतो, असेही नाही. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कामात काय ठरले होते ते बघावे लागते. काकांना मी आधी त्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला लावले. "खुशाल करा, आणि मला पण एक कॉपी पाठवा," असे उत्तर आले. तो मेसेज जपून ठेवला.

ऑफिसातल्या कामात तर लेखी परवानगीशिवाय क्लायंटच्या फाइलीला हातच लावायचा नाही. आणि ती फाइल कुठल्याही ऑनलाइन डिकम्पायलरवर चढवायची नाही. डॉगबोल्ट नावाच्या साइटवर एकाच फाइलचा कोड वेगवेगळे डिकम्पायलर कसा काढतात ते शेजारीशेजारी बघता येते. शिकायला फार छान आहे, पण तिथे फक्त स्वतः लिहिलेले प्रोग्राम टाका.

पाचवी पायरी: वाचायचे कुठून

पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलेत तर दुपारपर्यंत झोप येईल. उलटे चला. प्रोग्राम पडद्यावर किंवा कागदावर काय दाखवतो ते बघा, त्यातला एखादा वेगळा शब्द उचला आणि तो कोडमध्ये शोधा. काकांच्या बिलावर 'सीजीएसटी' छापलेले होते. तो शब्द शोधला, तो निघाला 'पावती' नावाच्या क्लासमध्ये. पोराने क्लासची नावे मराठीतच ठेवली होती, रोमन लिपीत: पावती, गिऱ्हाईक, हिशोब, दर. त्याचे मनोमन आभार मानले.

'दर' क्लास उघडला तर त्यात एकच ओळ, स्थिरांक १२. किती सोपे! तो ५ केला, तेवढाच क्लास कंपाइल केला, जारच्या प्रतीत बदलला, बिल काढले. बारा टक्के.

जावाचा कंपाइलर असा स्थिरांक जिथे जिथे वापरला असेल तिथे त्याची किंमत थेट उतरवून ठेवतो. 'पावती' क्लासमध्ये 'दर'चा उल्लेखसुद्धा उरलेला नव्हता, तिथे नुसता बारा होता. मूळ सोर्स असता तर सगळे पुन्हा कंपाइल होऊन प्रश्न आलाच नसता. जुलै २०२४ मध्ये त्या पोराला हे कळलेही नसेल.

मग नुसते बारा शोधू? सापडले नऊ. त्यातले काही वर्षाच्या महिन्यांचे, दोन एका गठ्ठ्यातल्या खोक्यांच्या संख्येचे. सगळे बारा एका फटक्यात पाच केले असते तर काकांचे वर्ष मे महिन्यात संपले असते. म्हणून प्रत्येक आकड्यापाशी थांबून तो कोणत्या मेथडमध्ये जातो ते बघा, आणि कळले की लगेच त्या व्हेरिएबलला नाव द्या. सीएफआरने पूर्णांकांना एन, एन२ आणि दशांशांना डी, डी२ अशी नावे दिली होती. एन२ चे 'करदर', डी चे 'रक्कम' असे करत गेले की तासाभराने कोड बोलायला लागतो. डिकम्पायलरचे काम दोन सेकंदांत होते. हे नावे द्यायचे काम तुमचे, आणि खरा वेळ यातच जातो.

करदराचे तीन बारा सापडले. बदलले. वापीच्या एका गिऱ्हाइकाचे बिल काढून बघितले: दुसरे राज्य, आयजीएसटी, दहा हजारांवर पाचशे. बरोबर. मी चहा टाकला. चहा पिता पिता सहज भिवंडीचे बिल काढले. सीजीएसटी २००, एसजीएसटी २००.

चारशे! शंभर रुपये कुठे गेले? कोड परत बघितला, दर भागिले दोन, दिसायला निर्दोष. मग जावापी चालवला आणि ती ओळ दिसली: आयडिव्ह. पूर्णांकांचा भागाकार. अठराचे अर्धे नऊ, बाराचे अर्धे सहा, तोवर सगळे जमले. पाचाचे अर्धे जावाच्या पूर्णांकात दोन. ही चूक पहिल्या दिवसापासून त्या कोडमध्ये होती, फक्त दर विषम व्हायची वाट बघत होती.

सहावी पायरी: दुरुस्ती परत आत घालणे

सगळा प्रोग्राम उलगडून सगळा पुन्हा कंपाइल करायचा विचार सोडा. डिकम्पायलरने काढलेला कोड वाचायला ठीक असतो, पण अख्खा प्रकल्प एकही एरर न देता कंपाइल होणे दुर्मीळ. फक्त बदललेला क्लास घ्या आणि मूळ जार क्लासपाथवर, म्हणजे कंपाइलर बाकीचे क्लास जिथे शोधतो तिथे, ठेवून तेवढाच कंपाइल करा. इथे तो वहीतला आकडा लागतो: कंपाइलरला 'रिलीज ८' असे सांगितले नाही, तर तुमच्या नव्या जेडीकेची क्लास फाइल कारखान्यातल्या जुन्या जावावर चालणारच नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हेही सांगा, नाहीतर पावतीवर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे छापली जाऊ शकतात.

नावात डॉलरचे चिन्ह असलेल्या फाइली तयार झाल्या तर त्या आतल्या क्लासच्या. त्याही सोबत बदला. मूळ जारला कधीच हात लावू नका, प्रतीवर काम करा. जारवर डिजिटल सही असेल तर बदल केल्यावर ती जुळणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मी दराचे अर्धे दशांशात केले आणि बिल छापायला गेले तर प्रोग्राम कोसळला. छापताना टक्केवारीसाठी पूर्णांकाचा 'डी' साचा वापरला होता आणि मी त्याच्या हातात अडीच ठेवला होता. तो साचा बदलला तेव्हा कुठे भिवंडीच्या बिलावर २.५ आणि २.५, म्हणजे २५० अधिक २५० उमटले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. कोडमध्ये सुधारण्यासारखे अजून बरेच दिसत होते, पैशांचा हिशोब डबलमध्ये ठेवला होता हे तर डोळ्यांत खुपत होते. पण हात आवरला. जेवढे मागितले तेवढेच करा.

सातवी पायरी: थेट प्रोसेसरचे प्रोग्राम

जावावर हात बसला की अशा प्रोग्रामसाठीचा घिड्रा हा डिकम्पायलर उतरवून घ्या. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ते मार्च २०१९ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुले केले. अलीकडच्या आवृत्तीला जेडीके २१ लागते. आयडा हे या क्षेत्रातले जुने आणि महागडे नाव. नोकरीत मिळाले तर वापरा, शिकायला घिड्रा पुरे.

नवा प्रोजेक्ट बनवा, फाइल इम्पोर्ट करा, डबल क्लिक करा, 'विश्लेषण करू का' याला हो म्हणा आणि थांबा. मग डाव्या झाडात मेन शोधा. उजवीकडे सीसारखा कोड दिसेल, त्यात फंक्शनची नावे 'फन' आणि पुढे पत्ता अशी. इथेही तीच युक्ती: मजकुरांची यादी उघडा, ओळखीचा शब्द धरा, तो कुठून वापरला गेला ते बघा, त्या फंक्शनमध्ये शिरा. नाव बदलायला 'एल' ही कळ, प्रकार बदलायला कंट्रोल आणि 'एल', टीप लिहायला अर्धविरामाची कळ. प्रकार बदलायला विसरू नका. घिड्राला एखादा पॉइंटर नुसता आकडा वाटत असतो. तो कशाचा आहे हे तुम्ही सांगितले की आजूबाजूच्या दहा ओळी एकदम सरळ होतात.

अनोळखी, संशयास्पद फाइल असेल तर ती फक्त वाचा, चालवू नका. वाचायचीसुद्धा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चुकून डबल क्लिक झाले तरी घरच्या मशीनला धक्का नाही.

सरावासाठी हे करा. मघाचाच खोक्यांचा हिशोब सीमध्ये लिहा, कर काढायला वेगळे छोटे फंक्शन ठेवा आणि कुठेतरी दहाने भाग द्या. एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा, एकदा 'ओ२' देऊन. दोन्ही फाइली घिड्रात उघडा. पहिलीत तुमचा कोड ओळखू येईल. दुसरीतल्या प्रोसेसरच्या हुकमांमध्ये भागाकार शोधा, बहुधा सापडणार नाही. त्याच्या जागी एका अगडबंब आकड्याने गुणाकार केलेला दिसेल, कारण प्रोसेसरला भागाकारापेक्षा गुणाकार स्वस्त पडतो. मी हे पहिल्यांदा ठाणे-वाशी लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर ठेवून केले होते. ऐरोली आले तरी कर काढायचे फंक्शन काही सापडेना. घणसोलीला ते दिसले: कंपाइलरने ते फंक्शन मोडून मेनच्याच पोटात घालून ठेवले होते.